खालचे बाण

"खालचे वारे चुकलेत," हेमांगी मॅडम म्हणाल्या. भिंतीपुढे आठवीचा सगळा वर्ग उभा होता, त्यात माझी लेक सपनाही होती.

मॅडम म्हणजे आमच्या विस्तार अधिकारी, मूळच्या भूगोलाच्या. धरणगावपासून चार किलोमीटरवरच्या आमच्या गावच्या शाळेची ही भिंत मी अकरा दिवस रंगवली. अख्खं जग काढलं. कमी दाबाचा पट्टा पिवळा, जास्त दाबाचे निळे, त्यांच्यामधून वाऱ्यांचे पांढरे बाण. भूकंपाच्या पट्ट्यांवर लाल ठिपके दिले, तेही मोजून. ही भिंत पास झाली की तालुक्यातल्या बाकीच्या अकरा शाळा मलाच मिळणार होत्या. शिवाय कोपऱ्यात नाव लिहायला मिळालं होतं. दुकानांच्या पाट्यांवर पेंटरचं नाव कोण लिहू देतं हो?

"दक्षिण गोलार्धात वारे डावीकडे वळतात. इथं उजवीकडे वळवलेत. कोणी सांगितलं असं काढायला?"

मी जितेंद्रकडे बघितलं.

जितेंद्र शाळेतला भूगोलाचा सर, आणि त्याआधी माझ्या बाकावरचा जित्या. दहावीपर्यंत त्याचे नकाशे मी भरून द्यायचो. तो पास झाला, मी गणितात उडालो. तरी नकाशा आला की तो मलाच हाक मारायचा, त्याचं मला कौतुक होतं. खोटं कशाला बोलू?

बाणांसाठी मी जुन्या एक्स-रेच्या फिल्ममध्ये बाणाचा आकार कापून खाका केला होता. फिल्म भिजत नाही, वाकत नाही. वरचे बाण मारून झाल्यावर खालच्यांसाठी खाका पालथा करायला घेतला, तर जितेंद्रने हात धरला.

"पालथा नको करू. नुसता फिराव. खालना गोलार्ध म्हणजे बठ्ठं उलटं."

"अरे, पुस्तकमा तसं नही शे. मी पाह्यं ना."

"मास्तर कोन शे, भिक्या? तू का मी? सांगं तसं कर ना भो!"

केलं मी. मास्तरशी वाद घालायचा नाही आणि दोस्ताशी तर नाहीच. चुकलो ते एवढंच.

आता मॅडम उत्तराची वाट बघत होत्या. मला वाटलं, तोच सांगेल. पोरांपुढे मी कशाला त्याचा पाणउतारा करू?

जितेंद्र घसा खाकरून म्हणाला, "मॅडम, या पेंटरने गोंधळ केला. मी आकृती नीट दिली होती. दहावी नापास माणूस, त्याला वाऱ्यांचं काय कळणार?"

पेंटर! तीस वर्षांत त्याने मला या नावानं कधी हाक मारली नव्हती. पायाखालची जमीन सरकली म्हणतात ना, तसं झालं. आणि आमच्या गावावर मी एकही लाल ठिपका दिला नव्हता.

"दुरुस्त करून घ्या," मॅडम म्हणाल्या. "बाकीच्या शाळांसाठी जाणकार माणूस बघू."

पोरं वर्गात गेली. सपना मागे राहिली. "आबा, तुम्हीन तं माले घर खाका पालथा करीसन दखाडेल व्हतं. मंग सांगं का नही?"

"जाय, वर्गमा बस," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार तिला?

दुपारभर मी जुने बाण निळ्याने बुजवले, खाका पालथा केला आणि नवे बाण मारले. सगळे डावीकडे वळले. शेवटी कोपऱ्यातलं माझं नावही बुजवलं. त्याच्यावरचं 'मार्गदर्शक : जितेंद्र सर' तसंच ठेवलं.

शाळा सुटल्यावर तो चहा घेऊन आला. "भिक्या, मनवर नको लेवू. आदर्श शिक्षकना प्रस्ताव जायेल शे मना. तुले काय फरक पडस?"

राग असा आला की ब्रश त्याच्या तोंडावर फेकावा. चहा घेतला नाही. घासलेटाचा बोळा घेतला आणि खाका पुसायला लागलो. एक बाजू पुसली, मग दुसरी. पांढरा रंग गेला तशी फिल्म काळी दिसू लागली.

चार वर्षांपूर्वी जितेंद्र नाशिकला प्रशिक्षणाला होता. त्याची आई ओट्यावरून पडली. तिला पाठीवर घेऊन मी जीपमध्ये बसवलं, धुळ्याच्या दवाखान्यात नेलं, नऊ दिवस उशाशी बसलो. घरी आल्यावर एक्स-रेची फिल्म माझ्या हातात देत ती म्हणाली होती, "ले, तुना कामले ई." पुढच्या वर्षी ती गेली.

मी खाका त्याच्यापुढे धरला. "हाई तुनी मायनं शे. आते तुनाजोडेच ऱ्हाऊ दे."

त्याने फिल्म उजेडाकडे धरली. कमरेच्या हाडातून माझा बाण आरपार कापलेला होता. कडेला नाव अजून वाचता येत होतं : कुंदाबाई, वय ६८.

मी डबे सायकलला अडकवले.