होडीचा वाटा

मी एक जुनी होडी आहे. मालवणच्या किनाऱ्यावर, माडांखाली, वाळूत रुतलेली. पण मित्रांनो, माझे पोट रिकामे नाही. त्यात पोरे आहेत!

थांबा, आधीपासून सांगते.

आंब्याच्या खोडातून मला कोरले. रापणीचे जाळे समुद्रात सोडणे हे माझे काम. जाळ्याच्या दोऱ्या सारी वाडी किनाऱ्यावरून ओढते. मग वाळूत माशांचे वाटे घालतात. दोरीला हात लावील त्याला एक, आणि होडीला एक. होय, होडीला! त्यातूनच माझी डागडुजी व्हायची.

पुढे तळ किडला. वाटा बंद. कोंबड्या माझ्यात अंडी घालू लागल्या.

आणि १९५८ साल उजाडले!

शाळेतून निवृत्त झालेल्या क्लेमेंटिनाबाईंनी कोंबड्या हाकलल्या, मला घासले, गोधड्या अंथरल्या. बहुतेक पुरुष मुंबईला नोकरीला. रापण ओढायला बायकाच जास्त. मग त्यांची पोरे? माझ्यात! क्लेमेंटिनाबाई गाणी शिकवायच्या, म्हातारी हौसाबाई पेज भरवायची. मोबदला काही नाही. तांदूळ घरोघरी मागून आणायच्या.

भाद्रपदात घरोघरचे जुने भात संपले, नवे यायचे होते. पेज थांबली. उपाशी पोरे कशी सांभाळायची? पाळणाघर बंद झाले. जानकीचा नवरा समुद्रात बुडून गेलेला. दोरीला हात नाही तर तिची चूल नाही. ती तान्ह्याला कडेवर घेऊन नुसती उभी राही.

अशातच एका सकाळी—

"बांगडोऽऽ! बांगडो इलो रेऽऽ!"

पाणी काळे पडले होते, एवढा थवा! जाळे पडले. दोऱ्या ताणल्या. माणसे अपुरी!

"बायलांनो, धावा गो!" रापणीचा प्रमुख गुरुदास तांडेल ओरडला.

"पोरां खंय ठेवची?" जानकी म्हणाली. "तुमच्या मुंडाशात?"

"हौसाबाय, घे गो ती पोरां! मासळी जाता!"

हौसाबाई माझ्या काठावर पाय पसरून बसली. "घेतंय. पयलो होडयेचो वाटो बोल."

"वाळूत बसलेल्या होडयेक वाटो? उद्या कोंबड्येक पण मागशात!"

"कोंबडी पोरां सांभाळता काय?"

दोरी सुटू लागली. माणसे घसरली. थव्याने तोंड फिरवले.

"दिलो! दिलो गो वाटो!"

धपाधप पोरे माझ्यात! कोणी रडते, कोणी माझा काठ चावते. बाया धावल्या. ओढा! जानकी सर्वांत पुढे, गुडघाभर पाण्यात. ओढा! पाय वाळूत. ओढा! आणि जाळे वर. चांदीच चांदी, फडफड, फडफड!

वाटे घालताना शंकर रापणकर कुरकुरला, "घाईत बोललला कोण धरता?"

माझा जीव टांगणीला लागला. मित्रांनो, होडीलाही जीव असतो.

गुरुदासने टोपली उचलली. "शंकर, बायलांचे हात दोरयेक लागले, ते खंयसून इले? हिच्या पोटातसून!" आणि पहिला वाटा त्याने माझ्यापुढे ओतला.

बांगडे घाटाच्या पायथ्याच्या गावांत गेले, बदल्यात तांदूळ आले. दुसऱ्या दिवशी दुपारी पेजेची वाफ माझ्या काठावरून वर चढली. जानकीचे तान्हे जेवून माझ्यातच झोपले.

तुमच्याही गावात कोणीतरी दुसऱ्यांची मुले सांभाळत असेल, म्हणून इतरांचे हात मोकळे असतील. मित्रांनो, त्यांचाही वाटा घाला. आणि तो पहिला घाला.