मी एकदाच कुरकुरले

“अलगद ठेव रे, लेका! काठ हलला की माशाला कळतं.”

मित्रांनो, मला पहिल्यांदा कालव्याकाठी नेलं, तेव्हा माझ्या कानी पडलेले हे पहिले शब्द. बोलणारा विल्फ टॅटर्सॉल, आणि मला धप्पकन टाकणारा त्याचा जिवलग क्लिफ.

“पेटी आहे ती, पाळणा नाही,” क्लिफ म्हणाला. विल्फनं मला पुन्हा उचललं आणि निजलेलं मूल ठेवावं तसं गवतावर टेकवलं.

मी वाळुंजाच्या फोकांची विणलेली पेटी आहे. आता जुनी झाले. माझ्या पोटात गळ, तंगुसाचा दोरा, अळ्यांचा डबा आणि चहाचा थर्मास. माझ्या झाकणावर विल्फ. मला विणणाऱ्या बाईच्या हातून झाकणाशी एक पेड उलटा पडला. म्हणून वर बसलेलं माणूस जरा वळलं, तरी मी कुरकुरते. या खोडीपायी दुकानात मला कुणी घेईना. विल्फनं दोनदा दाबून पाहिलं आणि हसला. “बरंच झालं. मी हललो की ही मला रागावेल.”

पण मला रागवायची वेळच त्यानं येऊ दिली नाही. पाच पाच तास तो माझ्यावर बसे आणि हलायचा फक्त त्याच्या मनगटाचा सांधा. दोऱ्याला बांधलेली, मासा लागला की बुडणारी लाल टोकाची काडी पाण्यावर डुलायची आणि त्याचे डोळे तिच्यासोबत डुलायचे. बुडबुडे कसे येतात ते पाहून खाली कुठला मासा चरतोय ते तो सांगे. मासा हाती धरण्याआधी हात पाण्यात भिजवून घेई. “कोरडा हात त्याला भाजतो,” म्हणे. मासे धरण्याच्या सामन्यात ज्याच्या माशांचं वजन जास्त, तो पहिला. सामना संपला, वजनं झाली, की जाळीच्या पिशवीत जिवंत ठेवलेले सगळे मासे पाण्यात परत जात. इतर लोक पिशवी उलटी करून मोकळे होत. विल्फ एकेकाला ओंजळीत धरी, आणि तो शेपूट हलवीपर्यंत गुणगुणत राही:

जा रे बाळा, जा घरी,
माय उभी पाण्याच्या दारी.

काठावर कुणाचा तुटका तंगूस दिसला, तर तो गोळा करून घरी आणी आणि चुलीत घाली. का, तर हंसांच्या पायात अडकतो. घरी त्याची बायको हिल्डा कमरेवर हात ठेवून उभी असे. “विल्फ, लोण्याशेजारी अळ्यांचा डबा पुन्हा दिसला ना, तर तुला आणि त्याला एकदमच कालव्यात टाकीन!”

“मला खालच्या अंगाला टाक,” विल्फ म्हणे. “तिथं ब्रीम मासा चांगला लागतो.”

विल्फ, हिल्डा आणि क्लिफ तिघंही कापडगिरणीत वाढलेले. मागांच्या खडखडाटात तिथं आवाज पोचत नसे. म्हणून गिरणीतली माणसं आवाज न काढता, नुसत्या ओठांनी बोलत. समोरचा ओठ वाचून घेई. ही सवय त्यांना काठावरही राहिली. तीस पावलांवरून दोघं मित्र तासभर गप्पा मारत, आणि पाण्यावर एक तरंग उठत नसे.

आता मी तुम्हाला त्या सामन्याचं सांगते. त्याला अठ्ठावीस वर्षं झाली.

कालव्याच्या मोठ्या कपाच्या सामन्याचा दिवस होता; जो जिंकेल त्याचं नाव त्या कपावर कोरलं जाई. टोपीतून चिठ्ठ्या काढल्या, तर दोघांना शेजारशेजारच्या जागा आल्या. क्लिफची बायको नेली वारून तेव्हा आठ महिने झाले होते. दाढी वाढलेली, कोटाची बटणं वरखाली, असा तो आला. दिवसभर दोघांनाही मासा बरोबरीनंच लागत होता. मग संपल्याची शिट्टी झाली. लांब, स्पष्ट. शिट्टीनंतर लागलेला मासा धरायचा नसतो, हे इथं शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं.

शिट्टी विरली आणि क्लिफची काडी बुडाली. त्यानं काठी उचलली. ताटाएवढा ब्रीम वर आला आणि त्याच्या पिशवीत गेला.

मित्रांनो, त्या क्षणी विल्फ माझ्यावर बसल्या बसल्या क्लिफकडे वळला. साऱ्या आयुष्यात सामन्यात मी तेवढी एकदाच कुरकुरले, आणि त्या शांततेत चांगली मोठ्यानं.

वजनं झाली. क्लिफ पहिला, विल्फ दुसरा. आणि मधला फरक त्या एका माशाहून कमी. क्लिफच्या हाती कप आला, तो हसला. मग हसता हसता रडला.

घरी मला रिकामी करताना हिल्डानं विचारलं, “तू सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं ना. ओठांनी. ‘शिट्टी झाली, क्लिफ.’ त्यानं पाहिलं की नाही, कुणास ठाऊक.”

“मग मोठ्यानं सांगायचंस!”

“आठ महिन्यांनी हसला गं तो. राहू दे. तूही बोलू नकोस.”

विल्फ पुढं कितीतरी सामने जिंकला, पण तो कप त्याला कधीच लाभला नाही. क्लबात नवी पोरं थट्टा करत, “विल्फकाका, सगळ्यांना शिकवता आणि मोठ्या कपात स्वतः कायम दुसरे?” तो चहा ढवळत म्हणे, “दुसरा आलेल्याला कप घासत बसावं लागत नाही रे.” अशा वेळी क्लिफ उठून बाहेर जाई. माझा जीव तुटे. पण पेटीला कुठला आवाज, आणि कुठले ओठ?

मग विल्फचे गुडघे गेले. मी परसातल्या खोपटात पडले. माझ्यात बेण्याचे बटाटे भरले, उंदरांनी माझा एक कोपरा कुरतडला. तरी वसंत आला की काठी टेकत विल्फ येई, मला जवसाचं तेल चोळी आणि म्हणे, “वाळू नकोस गं, म्हातारे.” मित्रांनो, वस्तू जुनी झाली म्हणून तिला तोडू नका. तिच्यावर बसलेल्या माणसाचं वजन तिनं जपून ठेवलेलं असतं.

गेल्या हिवाळ्यात विल्फ गेला. परवा रविवारी क्लबानं त्याच्या नावानं सामना ठेवला. त्याच्या आवडत्या जागी कुणी बसायचं नाही, असं ठरलं होतं. हिल्डानं मला पुसलं आणि स्वतः तिथं नेऊन ठेवलं. अलगद.

सुरुवातीआधी सगळे टोप्या काढून उभे राहिले. चिटणीस भलेपणानं बोलला, “विल्फएवढा तरबेज गळ टाकणारा या पाण्यानं पाहिला नाही. कपावर तेवढं त्याचं नाव आलं नाही, ही एकच खंत.”

क्लिफ मागं उभा होता. पांढरा, वाकलेला. हिल्डानं त्याच्याकडे पाहिलं. “पाय दुखत असतील तुझे. बस की. त्याचीच पेटी आहे.”

तो बसला. बसताना जरासा वळला, आणि मी कुरकुरले.

क्लिफचा चेहरा उतरला. हा आवाज त्यानं त्या दिवशीही ऐकला होता, हे मला तेव्हा कळलं. मग हिल्डाकडे वळून त्यानं नुसते ओठ हलवले, गिरणीतल्यासारखे.

“तसं नको, क्लिफ,” हिल्डा म्हणाली. “मला ठाऊकच आहे. मोठ्यानं सांग.”

टोपी छातीशी धरून क्लिफ सगळ्यांसमोर उभा राहिला.

“तो ब्रीम शिट्टीनंतरचा होता,” तो म्हणाला. “विल्फनं मला सांगितलं होतं. आणि मला त्याचे ओठ दिसले होते. कपावरचं माझं नाव खोडा. तिथं त्याचं घाला.”