कोठडीतलं पान

फिदेलिया उकचे आजोबा घायपाताच्या मळ्यावरच्या कोठडीत मेले. पानं कमी तोडली म्हणून मुकादमाने चाबकाने फोडून काढलं आणि आत डांबलं. सकाळी दार उघडलं तेव्हा सगळं संपलं होतं. प्रेतही घरी आलं नाही, मालकाच्या माणसांनी ते परस्पर पुरलं.

नोव्हेंबरात आमच्याकडे मेलेली माणसं जेवायला घरी येतात. पण घरातून निरोपच न मिळालेला माणूस घरी कसा येणार, असं फिदेलियाची आई म्हणायची. म्हणून ती कोठडीतच पान मांडायची आणि तिच्यामागे फिदेलिया मांडू लागली. केळीच्या पानात गुंडाळून जमिनीत भाजलेला कोंबडी घातलेला मक्याचा जाड रोट, म्हणजे पिब, मक्याची पेज, एक मेणबत्ती. मळ्याची हवेली, कोठडीसकट, केव्हाच ओस पडली होती. बकऱ्यांखेरीज तिथे कुणी फिरकत नसे.

मग मेरिदा शहरातल्या एका कंपनीने हॉटेल करायला ती हवेली घेतली. गावात दोन तट पडले. म्हातारे म्हणाले, पाडून टाका. तरुण म्हणाले, काम तरी मिळेल. पुरातत्त्ववाले साहेब येऊन सांगून गेले की वास्तू संरक्षित आहे, एक दगडही हलणार नाही. फिदेलियाला बरं वाटलं. तिची मुलगी निदिया तिथेच चादरी धुवायला लागली.

नोव्हेंबरात फिदेलिया टोपली घेऊन गेली. कोठडीच्या भिंती जशाच्या तशा होत्या, साखळीची कडीसुद्धा. मधे मात्र दारूच्या बाटल्या रचलेल्या. मॅनेजर रेनान भला माणूस. त्याने तिला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की मेणबत्ती लावता येणार नाही, धुराने जुना चुना खराब होतो, नियमच आहे तसा.

"चाबूक चालायचा तेव्हा नाही का झाला खराब?" तिने विचारलं.

तो म्हणाला, "फिदेलियाबाई, विजेचा दिवा लावू. पान तुम्ही मांडा. फक्त पाहुणे लांबून बघतील. चालेल ना?"

नाही म्हणून ती जाणार कुठे? तिने पान मांडलं. पाहुणे आधी लांब होते, हळूहळू जवळ आले. फोटो निघाले. एका गोऱ्या बाईने मायेने काहीतरी विचारलं. फिदेलियाला भाषा कळेना, ती नुसती हसली. बाईला तो होकार वाटला. तिने पिबाचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि डोळे मिटून मान डोलावली. आजोबांच्या आधी.

पुढच्या वर्षी हॉटेलनेच तिथे पान मांडलं. झेंडूची कमान, कशिद्याच्या पांढऱ्या झग्यात उभी केलेली गावातली एक मुलगी, चौकटीत कुणा अनोळखी म्हाताऱ्याचा फोटो. निदियाने घरी येऊन सांगितलं.

"आई, मी बोलू का रेनानशी?"

"बोल. आणि कामावरून काढलं तर पोरांना काय घालशील?"

दुसऱ्या दिवशी निदिया नेहमीसारखी चादरी धुवायला गेली.

फिदेलिया मग हवेलीच्या मागच्या अंगाला गेली आणि कोठडीच्या भिंतीला लागून बाहेरच पान मांडू लागली. तिथे शेजारचा विल्बर्त पहाऱ्याला होता.

"काकू, इथं नका ठेवू," तो ओशाळून म्हणाला. "मुंग्या आत जातात. मग मला बोलतात."

ती बराच वेळ पान मांडीवर घेऊन बसली. आतून वाजंत्र्यांचा आवाज येत होता. शेवटी तिने ते पान विल्बर्तपुढे केलं. तो नको नको म्हणाला, पण दुपारपासून उपाशी होता. उभ्याउभ्याच खाल्लं त्याने. त्याचं होईपर्यंत फिदेलिया थांबली, मग केळीची पानं गोळा करून घरी आली.