लुएलाचा आवाज

डेट्रॉइटच्या त्या कडाक्याच्या थंडीतही वेंडेल गेन्सच्या अंगाचा नुसता भडका उडाला होता. फोनवर रेकॉर्ड कंपनीचा वकील होता, कोवळा आणि गोडबोल्या.

"साहेब, तुम्ही आमचं गाणं इंटरनेटवर फुकट वाटलंत."

"तुमचं? अरे बाबा, ते मी गायलोय! माझी बहीण गायलीय!"

"आवाज तुमचा असेल. रेकॉर्डिंग कंपनीचं."

तरुणपणी केलेली ती एकच तबकडी. कंपनीने ती धड विकलीही नाही. घरातली प्रत घर बदलताना फुटली, पुढे बहीण लुएलाही वारली. मागच्या वर्षी ओसाकातल्या कुण्या शौकिनाच्या कॉम्प्युटरवर ते गाणं सापडलं, तेव्हा साठी उलटलेला वेंडेल ढसाढसा रडला होता. इंटरनेटवर एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून गाणी उतरवून घेणाऱ्या त्या मंडळींची एक रीत होती: घेतलंस तर तुझंही कपाट, म्हणजे कॉम्प्युटरवरचा गाण्यांचा फोल्डर, सगळ्यांसाठी उघडं ठेव. घेऊन दार लावणाऱ्याला ते जळू म्हणत. वेंडेल काही जळू नव्हता. त्याने कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू ठेवला, आणि तिथेच कंपनीच्या तावडीत सापडला.

"बरं, मला एक प्रत विकत द्या."

"नाहीये. मूळ टेप गोदाम रिकामं करताना टाकून दिली."

"म्हणजे तुम्ही कचऱ्यात फेकलंत, लोकांनी जपलं, आणि चोर मी? लाज कशी वाटत नाही रे!"

"काल समझोत्यावर सही केलीत तुम्ही. गाणं पुसा, पुन्हा उतरवू नका. नाहीतर कोर्ट."

कोर्टात घर गेलं असतं. वेंडेलने दातओठ खात बटण दाबलं.

"पुसलं! झालं समाधान?" त्याने फोन आपटला.

मग न राहवून त्याने गाण्याचं नाव शोधलं. ब्राझील, फिनलंड, कुठकुठल्या माणसांच्या कपाटात ते होतं! सगळ्यांनी त्याच्याकडूनच नेलं होतं, आणि बंदी त्याला एकट्याला. त्याने टेबलावर मूठ हाणली.

त्याची बायको अर्नेस्टिन दारात येऊन उभी होती. तिने जन्मात माऊसला हात लावला नव्हता.

"सही कुणी केलीय?"

"मी."

"मी नाही ना? मग सरक तिकडे. कुठं दाबायचं ते सांग."

गाणं उतरलं. लुएलाचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला. वेंडेल कपाट बंद करायला माऊसकडे वाकला, तशी तिने त्याच्या हातावर चापट मारली.

"राहू दे उघडं."

"अगं, घर जाईल!"

"जाऊ दे. येऊ देत मेल्यांना. या वेळी सही कुणीच करणार नाही."