गिळलेली अक्षरं

गोन्त्राँ वासेर यांची नाटकातली पात्रता एवढीच, की पॅरिसमध्ये सतरा वर्षं त्यांचं घर एका नाट्यगृहासमोर होतं. निवृत्त होऊन ते दक्षिणेत, आमच्या मोंब्राकला आले आणि दुसऱ्याच वर्षी हौशी नाट्यमंडळाचे अध्यक्ष आणि दिग्दर्शक झाले. पॅरिसचा माणूस खुर्चीत बसलेला दिसला की आमच्या गावाला उभं राहण्यातच धन्यता वाटते.

त्या उन्हाळ्यात त्यांनी साडेतीनशे वर्षांपूर्वीचं एक पद्य प्रहसन बसवायला घेतलं. प्रयोग उघड्यावर, वाइन सहकारी संस्थेच्या आवारात, द्राक्षं वाहायच्या दोन ट्रॉल्यांवर फळ्या टाकून. चर्चचं घड्याळ प्रत्येक तासाचे टोले दोनदा देतं, ते प्रयोगापुरतं बंद ठेवा, असं पत्र वासेरांनी महापौरांना पाठवलं. महापौर म्हणाले, "पहिल्यांदा ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी दुसऱ्यांदा. तुम्हीही नाटक दोनदा करा."

मालकाला तोंडावर सुनावणाऱ्या मोलकरणीचं काम मागालोन काबानेलला मिळालं होतं. ती गुरुवारच्या बाजारात ऑलिव्ह आणि चीज विकते. मंडळात अकरा वर्षं तिनं मेणबत्त्या आत आणल्या, बाहेर नेल्या. या वर्षी औषधवाल्याची बायको पाय मुरगळून घरी बसली, म्हणून तिला पहिल्यांदा तोंड उघडायला मिळणार होतं. तीन आठवड्यांत तिनं चारशे ओळी पाठ केल्या. झगाही स्वतःच शिवला.

पहिल्याच तालमीत वासेर म्हणाले, "मादाम काबानेल, तुमच्या फ्रेंचला लसणाचा वास येतो."

"जेवून आलेय, मस्यू."

"उच्चारांबद्दल बोलतोय. शब्दांची शेपूट तोडा."

शेपूट म्हणजे शब्दाच्या शेवटचा तो पुसट 'अ'. पॅरिसवाले तो गिळतात, आम्ही पूर्ण म्हणतो आणि त्यावरून आम्हाला गावंढळ ठरवलं जातं. पण या नाटकाची प्रत्येक ओळ बारा अक्षरांची, आणि ओळीच्या पोटातला 'अ' त्यात बहुतेकदा मोजलेला असतो. गिळला की ओळ लंगडते. गावच्या शाळेत एकतीस वर्षं मी मुलांना हेच बोटांवर मोजायला शिकवलं. मंडळात मी प्रॉम्प्टर.

मागालोननं निमूटपणे शेपट्या तोडल्या. आठवड्याभरात वासेरांची नवी तक्रार आली: तिला लय नाही.

"लय तुम्हीच कापलीत," ती म्हणाली. "मोजून बघा."

वासेरांनी मोजलं. ओळ स्वतःच्या शुद्ध उच्चारात म्हटली, बोटं दुमडली. दहा भरली. पुन्हा मोजलं. दहाच. मग त्यांनी पुस्तक उलटून प्रकाशकाचं नाव पाहिलं.

"छपाईची चूक आहे," ते म्हणाले. "स्वस्त आवृत्त्यांत हे असंच."

आणि पेन्सिल घेऊन त्यांनी ओळी दुरुस्त करायला घेतल्या. जिथं दोन अक्षरं कमी, तिथं 'देवा'. जिथं एक कमी, तिथं 'हं'. पहिल्या अंकात एकूण सव्वीस देवा झाले.

मागालोननं वही मिटली. "बाराच होती, मस्यू. दोन तुम्ही गिळलीत, आता दोन पदरची घालताय. हे मी म्हणणार नाही."

"मग झगा माझ्या भाचीला द्या. शनिवारी ती पॅरिसहून येतेय. उच्चार शुद्ध आहेत तिचे."

मंडळाचे सहा सभासद आपापले बूट न्याहाळू लागले. मालकाचं काम करणारा फुलक्राँ खाटीक तेवढा बोलला, "अगं, म्हणून टाक की. देवाचं नाव घ्यायला काय जातं?"

"तुझं काय जातंय? तू तर मटणातही हाड घालून वजन भरतोस."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, तुम्ही सांगा ना. तुम्हीच शिकवलंत."

मी पुस्तकाची पानं सारखी केली. माझ्या भित्रेपणाला एवढी जागा पुरते.

"बरं," ती वासेरांना म्हणाली. "म्हणते."

प्रयोग रविवारी संध्याकाळी साडेसहाला. उत्तरेचा वारा सुटला होता, झाडांवर उन्हाळी किडे कोकलत होते. फुलक्राँ शिकवल्याप्रमाणे तोडून बोलला, आणि चौथ्या रांगेपलीकडे फक्त त्याच्या मिशा पोहोचल्या. मागून कुणी म्हणालं, "आवाज दुकानात विसरलास का रे?"

मग मागालोन आली. पहिली ओळ तिनं पूर्ण म्हटली, बाराच्या बारा अक्षरं, लसणासकट. तो शेवटचा 'अ' वाऱ्यावर स्वार होऊन संस्थेच्या मागच्या भिंतीपर्यंत गेला, आणि मागच्या रांगा हसल्या. वेळ पडलीच तर म्हणून थांबलेली भाची विंगेत प्रत घेऊन उभीच राहिली. वासेर माझ्या कानाशी फिसकारले, "मास्तर, 'देवा' द्या तिला, 'देवा' द्या." मी दिला नाही. त्यात शौर्य काही नव्हतं, तोपर्यंत कोण जिंकतंय ते दिसत होतं. दुसऱ्या अंकात फुलक्राँही गावच्या बोलीवर आला. तत्त्व वगैरे काही नाही. तिला हशा मिळत होता, त्याला नव्हता.

प्रयोगानंतर वासेरांचे पॅरिसचे एक स्नेही, उमेदीत खरोखरीच्या रंगभूमीवर काम केलेले, त्यांना म्हणाले, "पद्य म्हणता येणारी तेवढी एकच बाई आहे तुमच्याकडे. कुठं शिकली?"

"माझ्याकडे," वासेर म्हणाले.

मागालोन हातभर अंतरावर पाहुण्यांना ऑलिव्ह वाढत होती. तिनं वासेरांच्या बशीत दोन जास्त टाकले.

ऑक्टोबरच्या बैठकीत वासेरांनी पुढच्या उन्हाळ्यासाठी गद्य नाटक सुचवलं. उघड्यावर पद्य ऐकू जात नाही, हा आपला अनुभव आहे, असं ते म्हणाले. सहा हात वर झाले. सातवा माझा.

"मादाम काबानेल, तुमच्यासाठी खास काम ठेवलंय," वासेर म्हणाले. "मुक्या मावशीचं. तिन्ही अंकांत रंगमंचावर आहे."

मागालोननं कोट अंगात चढवला, बटणं लावली.

"ते तुम्हीच करा, मस्यू," ती म्हणाली. "तुम्हाला गिळायची सवय आहे."