मेलेल्यांचा कंप्युटर

रुद्रेश हल्ली उलट बोलत नव्हता, आणि पद्मावतीबाईंना त्याचाच राग होता. चाळीस वर्षांचा घोडा, आईने तोंड सोडलं की नुसता ऐकून घ्यायचा. वर सकाळी न सांगता पदेराच्या भट्टीतले गरम उंडे-पाव आणून तिच्यापुढे ठेवायचा. परवा बांबोळीच्या इस्पितळात तिच्या पोटातली गाठ काढायची होती. "ल्हानशी गाठ, आये," एवढंच तो सांगे, तेही भिंतीकडे बघून.

डिचोलीच्या बाजारात त्यांचं बॅनरचं दुकान. तिथे बाईंचा एक कायदा होता. लग्नाचं, वाढदिवसाचं काम दारालगतच्या कंप्युटरवर. श्रद्धांजलीचं मात्र कोपऱ्यातल्या जुन्यावर. नवरीच्या शेजारी मेलेलं माणूस नको. नेमका तो कोपऱ्यातलाच आठवडाभर अडून बसला होता. डिझाइनचा प्रोग्राम उघडायचा, गरगरायचा आणि मिटायचा. दारालगतच्यावर तोच प्रोग्राम सुरळीत चाले.

आज साळ गावच्या एका मयताचा भाऊ बॅनरसाठी बाकावर येऊन बसला होता.

"आजचो दारातल्यार करतंय," रुद्रेश म्हणाला.

"करून बघ. हात मोडून हातात दितलंय."

बाईंनी म्हापशाहून दुरुस्तीवाल्या निहारला बोलावलं. त्याने डबा खोलला, धूळ उडवली, मेमरीची पट्टी काढून परत बसवली, प्रोग्राम पुसून नव्याने घातला. पुन्हा मिटला.

"रवूं दी रे," रुद्रेश घाईने म्हणाला. "नवो घेवया."

पंखासुद्धा बंद करून जेवायला जाणारा मुलगा नवा कंप्युटर घ्यायला निघाला, तेव्हा बाईंना संशय आला.

"तू बस थंयच. निहार, बघ तू."

"काकी, मशीन बरा आसा. कोणाची तरी अर्धवट फायल रवलीहा. उघडल्याबरोबर पयली तीच काढूक जाता आणि दम तुटता. केस न् केस साफ केलोहा फोटोचो, भारी जड फायल." बोलता बोलता त्याने ती दारालगतच्या कंप्युटरवर नेऊन उघडलीही.

रुद्रेश उठला, पण उशीर झाला होता.

झेंडूची चौकट. दोन समया. मधोमध बाई स्वतः, पुतणीच्या लग्नातल्या, नथ लखलखीत. दुसरी इयत्ता शिकलेल्या बाईंनी काचेवर बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. नाव होतं. जन्मसाल होतं. पुढे एक आडवी रेघ, आणि तिच्यापुढे मोकळी जागा.

निहारने माऊसवरचा हात काढला.

"आये," रुद्रेश म्हणाला, "लोकां मोबायलातलो पुसट फोटो घेवन धावत येतत. तुजो तसो नाका होतो माका."

"डाक्टर किते म्हणालो?"

तो परत भिंतीकडे बघू लागला.

बाईंनी पदर सावरला. बाकावरच्या माणसाला म्हणाल्या, "भावाचो फोटो दिया हांगा. आता होतलो." मग मुलाकडे वळल्या.

"काम बरां केलंस. पण भित्रो रे तू. माझ्या तोंडार सांगूक धीर झालो नाय, म्हणान मशीनीक सांगलंस."