सरावाच्या मशीनवर पडलेलं मत

मी मतदान यंत्र बोलतोय. पण लगेच रांगेत उभं राहू नका, मी खरा नव्हे, मी सरावाचा. माझ्या अंगावर पिवळी चिठ्ठी आहे, 'फक्त जनजागृतीसाठी'. ज्यांना ती वाचता येते त्यांना माझी गरज नसते, आणि ज्यांना गरज असते त्यांना ती वाचता येत नाही.

माझे भाऊबंद पोलिसांच्या पहाऱ्यात, सील लावून जातात. मी जातो रमाकांत गुरुजींच्या मांडीवर, जीपमध्ये. गुरुजी मूळचे देवरुखचे, सिल्वासात शिकवता शिकवता केस पिकले. माणूस सज्जन. पण दिवसाला पाच गावं उरकायची आणि किती जणांनी सराव केला त्याचे अंगठे वहीत दाखवायचे, असा वरून हुकूम. मग समजावून सांगायला वेळ कुठला?

माझे उमेदवारही लुटुपुटीचे: आंबा, केळं, अननस, पेरू. बटण दाबलं की दिवा लागतो आणि मी लांब शिट्टी देतो. मला तेवढंच बोलता येतं.

गेल्या साली पंचायतीच्या निवडणुकीआधी आम्ही सुरंगीच्या एका पाड्यावर गेलो. पाड्यातलीच दुर्गा निवडणुकीला उभी होती. तिथं अंगणवाडी नाही, पोरं ओढा ओलांडून पलीकडे जातात; पाड्यावर अंगणवाडी आणायचीच असं तिनं मनावर घेतलं होतं. तानूबाई तिची मावशी. सत्तरी उलटली तरी बाईनं कधी मत दिलेलं नव्हतं, कारण यादीत नावच नव्हतं. दुर्गानं कचेरीत खेटे घालघालून ते चढवलं.

तानूबाई माझ्यापुढे बसली. "आंबा दाबू का केळां?"

"कुठलंही दाबा, आजी. मागे रांग आहे."

तिनं आंब्यापुढचं बटण दाबलं आणि हळूच म्हणाली, "माझ्या दुर्गाला." मी शिट्टी दिली. गुरुजींनी तिचा अंगठा शाईत बुडवून वहीत उठवला. निळा अंगठा तिनं पदराला पुसला नाही. "झालां माझां मत," ती शेजारणीला म्हणाली. मग शेजारणीचंही झालं, तिच्या सुनेचंही झालं.

अहो गुरुजी, ऐका जरा, ती काय म्हणतेय! माझा जीव तुटत होता. पण गुरुजींचं लक्ष वहीत. पाड्याबाहेर पडताच त्यांनी माझ्यातली सगळी मतं पुसली, पुढच्या गावासाठी.

मतदानाच्या दिवशी मी सिल्वासातल्या कपाटात होतो. दुर्गा नऊ मतांनी पडली, हे नंतर गुरुजींच्या फोनवरच्या बोलण्यातून कळलं.

आता दुसरी निवडणूक आलीय, म्हणून आज पुन्हा त्याच पाड्यावर गेलो. दुर्गा बायकांना गोळा करत होती. तानूबाई ओट्यावरून उठेना.

"मागल्या साली दिलां ना, सगळ्यांच्या आधी. मंग मताच्या दिशी जीप बोलवाया आली, तवा सांगलां, आमचां झालां. आमी खानवेलला कामाला गेलो."

दुर्गा जागीच थबकली. "किती जणी गेल्या, मावशी?"

"होतो की अकरा-बारा."

गुरुजींचा चेहरा उतरला. ते तिच्याजवळ खाली बसले आणि पहिल्यांदाच सगळं नीट सांगितलं: हा नुसता सराव, खरं मत शाळेतल्या केंद्रावर, शाई अंगठ्याला नाही, डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला. तानूबाईनं ऐकून घेतलं. दुर्गाकडे बघायची तिची छाती होईना. मग माझ्याकडे बोट करून तिनं विचारलं, "मंग माझां मत गेलां कुठं?"

गुरुजींनी वही मिटली. दुर्गा मावशीजवळ जाऊन बसली.

आम्ही निघालोय. वहीत आजचेही अंगठे आहेत, हुकूमच तसा. लोकहो, एकच मागणं आहे. अंगठे चार कमी मिळाले तरी चालतील, पण माझ्यापुढून उठणाऱ्या प्रत्येकीला थांबवून विचारा, "बाई, तुला काय कळलं?" मला ते विचारता येत नाही.